गूळ, अंडी आणि बेड्या

आधी खाली बघा, पायांकडे. चपला कुठे गेल्या ते विचारू नका. दोन्ही घोट्यांवर लोखंडी कडी आहेत आणि कड्यांना साखळी. पाऊल टाकलं की कडं हाडावर आपटतं. शंभर पावलांत कातडी सोलवटेल, आठवड्यात जखम चिघळेल. म्हणून आत्ताच शिकून घ्या. धोतराच्या काठाची चिंधी फाडा, तिची पट्टी करा, कडं आणि घोटा यांच्यामध्ये सरकवा. दुसरी चिंधी साखळीच्या मधोमध बांधा आणि तिचं टोक कमरेच्या करगोट्यात अडकवा. साखळी जमिनीवरून उचलली गेली, वजन कमरेवर आलं. आता चालून बघा. फार लांब टांग टाकायची नाही, एवढंच.

गुन्हा काय केलात ते मी विचारणार नाही. दरोडा, खून, खोटी नाणी, जे पटेल ते घ्या. काळ १८५० च्या दशकाच्या मध्याचा आहे, राज्य कंपनी सरकारचं आहे आणि शिक्षा जन्मठेप काळ्या पाण्याची आहे. जिल्ह्याच्या ठिकाणाहून तुम्हाला पायी चालवत ठाण्याच्या तुरुंगात आणलं. हो, तेच ठाणे. तिथल्या जुन्या किल्ल्यात तुम्ही जहाजाची वाट बघत बसलात. मग मुंबई बंदर, मग जहाजाचा तळ. तळाशी दिवस आणि रात्र यांत फरक नव्हता. डांबर, ओकारी, कुजकं पाणी आणि माणसांचा घाम यांचा एकच दाट वास होता, आणि तो नाकातून जायच्या ऐवजी जिभेवर येऊन बसायचा. परक्याच्या हातचं शिजलेलं खाल्लं तर जात बुडेल या धास्तीने कितीतरी जणांनी भाजके चणे आणि कोरडे पोहे चावत समुद्र ओलांडला. तुम्हीही त्यांतलेच. हिरड्या अजून हुळहुळतायत.

आता वर या. झाकण उघडलंय.

उजेड एवढा आहे की डोळे आपोआप मिटतात. त्यामुळे पहिली ओळख नाकाला होते. ओहोटीचा चिखल, सुकी मासळी, मिरी, खोबरेल, धूर, आणि या सगळ्यावर फणस सडत ठेवल्यासारखा एक गोड, उद्धट वास. तो दुरियनचा. फळ आहे ते. सवय होईल किंवा होणार नाही, माणसामाणसावर आहे. हळूहळू डोळे उघडा. समोर समुद्र दिसतच नाही, एवढी गलबतं नांगरून पडली आहेत: पुढे दोन डोळे रंगवलेली चिनी जंक जहाजं, बुगी लोकांची उंच शिडांची गलबतं, विलायतेची तीन डोलकाठ्यांची जहाजं, आणि त्यांच्या मधून पाण्यावरच्या किड्यांगत पळणाऱ्या सांपान होड्या. हे सिंगापूर. आजचं काचेचं आणि शिस्तीचं शहर डोक्यातून काढून टाका. हे एक गजबजलेलं, घामट, दलदलीवर उभं राहिलेलं बंदर आहे. त्याचा कारभार कलकत्त्याहून चालतो, आणि बाजारात मात्र मेक्सिकोचे चांदीचे डॉलर खणखणतात.

जाता जाता नदीकाठी ती पांढरी रास बघून घ्या. साबुदाणा आहे. झाडाच्या खोडाचा गर धुऊन, चाळून, गरम कढईत फिरवून चिनी कारागीर त्याचे मोती करतात आणि इथून तो जगभर जातो. उपासाला सात्त्विक म्हणून तुमच्या पणजीने वाटीत घेतलेल्या पदार्थाला इथे मात्र आंबूस, नासल्यासारखी घाण येते. घरी कळवायची सोय नाही, ते बरंच आहे.

किनाऱ्यावर तुमची रांग लागते. साखळ्यांचा आवाज ऐकून मलायी पोरं ओरडतात, "ओरांग रांताई! ओरांग रांताई!" साखळीवाले आले, साखळीवाले. त्यांना भीती वाटत नाही. तुमच्यासारखे इथे १८२५ पासून येतायत. ज्या रस्त्यावरून तुम्ही चालताय तो तुमच्याआधी आलेल्या साखळीवाल्यांनीच दलदल बुजवून केलेला आहे, मधला पूलही त्यांचाच. आणि आता समोर जी लांबलचक भिंत दिसते, ब्रास बासा रस्त्यावरची, तो तुरुंग. तोही त्यांचाच. १८४१ पासून कैदी तो बांधतायत आणि तुम्ही पोचता तेव्हाही त्याचं काम चालूच आहे. आत जाताना तुम्हाला भिंतीवर चढलेले गवंडी दिसतील. ते बाहेर आहेत आणि तुम्ही आत चाललात, असं वाटून त्यांचा हेवा करू नका. संध्याकाळी तेही आतच येणार आहेत.

फाटक लागतं. आता खरी गंमत.

तुम्ही गोऱ्या शिपायाची वाट बघताय. लाल कोट, बंदूक, मिशा. तो येत नाही. पुढे येतो एक काळासावळा, अंगाने आडवा माणूस. कमरेला पट्टा, पट्ट्यावर घासून लख्ख केलेला पितळी बिल्ला, हातात वेताची छडी. तो तुमची रांग मोजतो. मोडक्या हिंदुस्थानीत दम भरतो. तुम्ही मान खाली घालता आणि तेव्हा दिसतं: त्याच्या घोट्याभोवती कातडीचा एक गुळगुळीत, फिकट, केस नसलेला पट्टा आहे. कड्याची खूण. हा तांडेल, म्हणजे टोळीचा मुकादम, स्वतः कैदी आहे. मद्रासेकडचा, जन्मठेपेचा. त्याच्यामागे वही धरून उभा असलेला लेखनिकही कैदी. दवाखान्यात तुमची जीभ बाहेर काढून बघणारा मदतनीस कैदी, भांडारात तांदूळ मापणारा कैदी, फाटकावरचा पहारेकरी कैदी. दोन हजारांच्या आसपास माणसं या भिंतीत आहेत आणि त्यांच्यावर गोरे म्हणाल तर हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. चोरांच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या आपल्याकडे म्हणीत असतात, इथे सरकारी कायद्याने असतात.

ही गव्हर्नर बटरवर्थसाहेबाच्या नियमांची करामत. एकूण सहा वर्ग. तुम्ही नवे, म्हणून चौथ्यात, बेडीसकट. नीट वागलात तर बेडी निघून तिसऱ्यात जाल, रस्त्यावर-बांधकामावर मोकळ्या पायाने राबाल. दुसऱ्या वर्गात पोचलात की बिल्ला. पहिल्यात गेलात की भिंतीबाहेर राहायचं, धंदा करायचा, हजेरीपुरतं यायचं. आगळीक केलीत तर घसरून पाचव्यात, जड बेडीत. सहावा म्हाताऱ्या-पांगळ्यांचा. त्यात सगळेच कधी ना कधी पोचतात, त्यासाठी वर्तणूक लागत नाही.

संध्याकाळी अंगणात आपापल्या चुली पेटतात. हे तेवढं सरकारने शहाणपणाने ओळखलंय: जेवणाच्या पंगतीला हात घातला तर दोन हजार माणसं एका रात्रीत पेटतील. तांदूळ, डाळ, थोडं तूप, मसाला, सुकी मासळी. ओल्या लाकडाचा धूर डोळ्यांत जातो. एका बाजूला तमिळ भांडण, दुसऱ्या बाजूला पंजाबी शिवी, मध्ये कोणीतरी बंगालीत रडगाणं लावलंय. तुमच्या शेजारी एक म्हातारा बंगाली बसलाय. एवढ्या उकाड्यातही त्याने फेटा भुवयांपर्यंत ओढलाय. घास घेताना फेटा जरा वर सरकतो आणि कपाळावर हिरवट अक्षरं दिसतात. गोंदण. गुन्हा कोणता, ते तिथे कायमचं लिहिलंय. ही चाल सरकारने १८४९ मध्ये बंद केली, पण कायदा बदलला म्हणून कपाळ कोरं होत नाही. तुम्ही बघताय हे त्याच्या लक्षात येतं. तो फेटा सावकाश खाली घेतो आणि भात कालवत राहतो. तुम्हीही दुसरीकडे बघा. एवढी रीत तुरुंगातही असते.

"खंयचो रे तू?"

दचकलात ना? समुद्रापार महिनाभर आल्यावर कोणीतरी मालवणीत विचारतंय. रत्नागिरीकडचा म्हातारा आहे, गवंडीकाम करतो, बिल्ला नाही पण बेडीही नाही. तुम्ही गाव सांगता. त्याला ते ठाऊक नसतं, तरी तो मान हलवतो. "भियाव नको," तो म्हणतो. "पयल्या रातीक सगळेच रडतत." मग तुमच्या चिंधीची गाठ सोडून स्वतः नीट बांधून देतो. तुमची चुकीच्या बाजूला होती, झोपेत ती पोटरीला रुतली असती.

आणि रात्र. लांब ओसरीत माणसाला माणूस लागून झोपलाय. कोणी कूस बदलली की साखळी खळ्ळकन वाजते, ती शेजाऱ्याला जागं करते, तो कूस बदलतो, आणि तो आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातो. डास कानातच घर करतात. मध्यरात्री पाऊस येतो, छपरावर एकदम ओतल्यासारखा, आणि वीस मिनिटांत थांबतो. हवा मुळीच गार होत नाही. तुम्ही मृगाची, आषाढाची वाट बघणारे. इथे ऋतूच नाहीत. वर्षभर दिवस रात्रीएवढा, पाऊस कधीही, उकाडा कायम. किती महिने झाले ते मोजायला आभाळ काडीचीही मदत करत नाही.

पहाटे पाचला तोफ होते. अख्खं बेट हादरतं. साहेबलोक त्या आवाजाला उठून घोड्यावर रपेट मारायला जातात, तुम्ही उठून मोजणीला उभे राहता.

पहिले महिने कुठे काढाल? खाणीत, नाहीतर भट्टीवर, नाहीतर जंगलात रस्ता तोडायला. जंगलाचं सांगतो, कारण तिथे वाघ आहे. बेटावर चिन्यांचे मिरी आणि गांबियर नावाच्या पिकाचे मळे जसे आत आत सरकले तसा वाघालाही माणूस सोयीचा झाला. मळ्यावरचा कुली खाली वाकून काम करतो, वाघ मागून येतो. तुमची टोळी घामाने निथळत वेली तोडत असते. जळवा पायांवर चढतात, कड्याच्या आत शिरतात, तिथे बोटही पोचत नाही. इतक्यात पुढच्या झाडीतले पक्षी गप्प होतात. तेवीसच्या तेवीस माणसं हात थांबवतात. तांडेलसुद्धा. त्या क्षणी वर्ग पहिला की चौथा, ते कोणीही विचारत नाही. बेडी घातलेल्या माणसाला पळता येत नाही, हे वाघालाही कळत असणार असं तुम्हाला वाटून जातं. मग एक माकड ओरडतं, पानं हलतात, कोणीतरी मोठ्याने थुंकतं, आणि कोयते पुन्हा चालू होतात.

यावर सरकारचा उपाय ऐका. वाघ मारायला कैद्यांच्याच तुकड्या नेमल्या. म्हणजे ज्याला खुनाबद्दल समुद्रापार धाडलं त्याच्याच हाती ठासणीची बंदूक आणि दारूगोळा देऊन त्याला रानात सोडायचं. तो जातो, माग काढतो, जमलं तर वाघ आणतो आणि बंदूक जमा करून आत येतो. पळून का जात नाही? कुठे जाणार? बेट आहे. शिवाय पलीकडच्या किनाऱ्यावर त्याला ओळखणारं कोणी नाही आणि अलीकडे निदान डाळभात आहे. भिंतीपेक्षा हे गणित जास्त उंच आहे, आणि ते साहेबाने बरोबर ओळखलंय.

चला, बेडी निघाली असं समजू. लोहाराने छिन्नी ठेवून एक घाव घातला, कडं उघडलं. पाय इतका हलका झालाय की पहिल्या पावलाला तो हवेतच जास्त वर जातो आणि तुम्ही धडपडता. सगळे हसतात. सगळ्यांनी ते केलेलं असतं. मालवणी आजोबा तुम्हाला आपल्या हाताखाली मागून घेतात आणि तुम्ही पोचता त्या कामावर, ज्यासाठी मी तुम्हाला इथवर आणलं.

देऊळ बांधायचंय. साहेबांचं. सेंट अँड्र्यूज.

जुनं चर्च होतं, त्यावर दोनदा वीज पडली, भिंतींना भेगा गेल्या, १८५२ मध्ये ते बंद केलं. तिथे भुतं आहेत असं गाव म्हणू लागलं. आणि मग अफवा उठली: भुतं शांत करायला सरकारला माणसांची मुंडकी हवी आहेत, आणि ती कापून आणायला रात्री कैद्यांना बाहेर सोडतात. म्हणजे तुम्हाला! अंधार पडला की चिनी आणि मलायी माणसं घराबाहेर पडेनात. शेवटी गव्हर्नरला जाहीरनामा काढून समजूत घालावी लागली. तुम्हाला यात नवल वाटायला नको. आपल्याकडे कुठल्याही मोठ्या पुलाचं काम निघालं की पोरांना घरात कोंडून ठेवणाऱ्या आज्या होत्याच की. पण एखाद्या संध्याकाळी कामावरून परतताना समोरून येणारी बाई तुम्हाला बघून लेकराला पदराखाली घेते आणि गटाराच्या कडेने पळत सुटते, तेव्हा ते हसण्यावारी नेता येत नाही. तुम्ही थांबता. हात रिकामे आहेत हे दाखवायला तळवे पुढे करता. ती आणखी जोरात पळते.

नव्या चर्चचा आराखडा मॅक्फर्सन नावाच्या लष्करी इंजिनियरचा. पायाचा दगड १८५६ मध्ये बसला. उंच टोकदार कमानी, बारीक नक्षीचे खांब, इंग्लंडातल्या एका पडक्या मठाच्या धर्तीवरचं सगळं. तो मठ तुमच्यापैकी एकानेही पाहिलेला नाही. विटा कैद्यांच्या, चुना कैद्यांचा, गवंडी, सुतार, लोहार कैदी. आता आतल्या भिंतींचा गिलावा करायचाय, आणि तो मद्रासी चुन्याचा.

बाह्या सरसावा.

शिंपले भट्टीत भाजून, विरवून, वस्त्रगाळ केलेला चुना समोर आहे. वाळूचा कण मिसळायचा नाही. पलीकडे मोठ्या रांजणात नारळाची सोडणं भिजत घातली आहेत. पाणी तपकिरी झालंय आणि त्याला साचलेल्या डबक्याचा वास आहे. ते पाणी लागणार आहे. आता अंडी. टोपल्याच्या टोपल्या अंडी येतात. तुम्ही बसा, एकेक फोडा, पिवळं एका भांड्यात, पांढरं दुसऱ्यात. आपल्या घरात अंडं आलेलं नाही म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ते मुरडावं आणि फोडत राहावं. दुपारपर्यंत बोटं चिकट होऊन एकमेकांना धरून बसतात, माश्या मनगटापर्यंत चढतात, आणि एक नासकं अंडं फुटलं की आख्खी परांची ओरडून तुमचा उद्धार करते. मग गूळ. काळा, ओलसर, ढेपेचा. तो फोडून अंड्याच्या पांढऱ्यात घोटायचा, फेटायचा, सोडणांचं पाणी घालायचं, चुन्यात कालवायचं.

गुळाचा वास आला आणि तुमचा हात थांबला. संक्रांत, नाहीतर गुऱ्हाळ, नाहीतर उन्हातून आलेल्या पाहुण्याच्या हातावरचा खडा. जे काय आठवलं असेल ते. इतक्या वर्षांत साधा गुळाचा खडा तोंडात गेलेला नाही आणि इथे ढेपा भिंतीला चारायच्या आहेत. आजोबा तिकडे बघत असताना बोट चाटायचा मोह होईल. चाटा, पण कोरड्या ढेपेवरचं. घमेल्यातलं चाटलंत तर चुन्याने जीभ भाजेल. मुंग्यांना हे शिकवावं लागत नाही. त्या ओळीने येतात, ढेपेवरून घमेल्यापर्यंत जातात आणि बरोबर काठावर थांबून मागे वळतात.

गिलावा थापीने चढवायचा, रंध्याने सारखा करायचा आणि थोडा सुकू द्यायचा. किती? "आंगठ्यान दाबून बघ," आजोबा म्हणतात. ठसा उमटला तर लवकर, काहीच लागलं नाही तर उशीर. यापेक्षा जास्त ते सांगू शकत नाहीत आणि मीही नाही. मग घोटाई. हातात गारगोटी, नाहीतर नदीतला वाटोळा गोटा. भिंतीवर फिरवायचा, दाबून, गोल, न थांबता. मधून मधून शंखजिऱ्याची पूड मारायची आणि पुन्हा फिरवायचा. सकाळी सुरू करा. पहिल्या तासात काहीच दिसत नाही. दुसऱ्यात खांदा बोलायला लागतो. चुना घामात मिसळून कोपराच्या घडीत चावतो. खाली कोणी हातोडी मारतंय, कोणी दगड ओढताना एका सुरात हाळी देतंय, बाहेर बैलगाडीचा आस करकरतोय, आणि तुमच्या कानात फक्त गोट्याचा घस्स, घस्स. दुपारी केव्हातरी आवाज बदलतो. घस्स जाऊन नुसती सूं राहते. बोट लावा. दगड नाही, चुना नाही, काहीतरी तिसरंच. थंड. या बेटावर आल्यापासून तुम्ही हात लावलेली पहिली थंड वस्तू. गाल टेकवा हवं तर, मी कोणाला सांगणार नाही. भिंतीत तुमचा चेहरा दिसतो, धूसर, हनुवटीला गूळ लागलेला.

सरकारी कागदांत कैद्यांवर कैदीच नेमण्याच्या पद्धतीचं फार कौतुक आहे. मॅकनेअर नावाच्या अधिकाऱ्याने, जो पुढे कित्येक वर्षं इथला मुख्य होता, तर यावर पुस्तकच लिहिलं: कैदीच कैद्यांचे राखणदार कसे झाले, ते किती शिस्तीत राहिले, किती हुन्नर शिकले. खोटं नाही ते. छापखाना, वेतकाम, सुतारकाम, अगदी फोटो काढायची कलासुद्धा इथल्या कैद्यांना शिकवली. पण दयेचा हा हिशेब दोन्ही बाजूंनी वाचावा लागतो. गोरा पहारेकरी आणायचा तर पगार, घर, दारू, दवाखाना आणि परतीचं जहाज. तांडेलाला बिल्ला दिला की झालं. मजुरीला बाहेरची माणसं लावली असती तर हे चर्च, हे रस्ते, दीपगृह, पुढचं गव्हर्नरसाहेबाचं टेकडीवरचं घर, यांचा खर्च सरकारने मंजूर केला नसता. तुम्हाला सुधारण्यात सरकारला खरोखर रस होता. सुधारलेला माणूस स्वस्त पडतो.

आणि तुम्ही? तुम्ही सुधारलात. १८६२ मध्ये चर्चच्या पवित्रीकरणाचा विधी झाला तेव्हा तुम्ही आत नव्हतात, अर्थातच, पण एव्हाना तुमच्या कमरेला पट्टा आलाय. पितळ तुम्ही रोज राखेने घासता. कशासाठी एवढं, असं पहिल्या दिवशी वाटलं होतं, आता डाग दिसला तर जेवण गोड लागत नाही. वीस माणसांची टोळी तुमच्या हाती. आवाज कसा लावायचा ते ठाऊक आहे. कोणाला खरंच ताप आहे आणि कोण डोळ्यांत मिरी चोळून आलाय, ते लांबून ओळखता. एक पोरगा, नवा, घोट्यातून रक्त गळतंय, रांगेत मागे पडतो. तुम्हाला चिंधी बांधायची युक्ती येते. तुम्ही ती सांगता की छडी उगारता, हे त्या दिवशी साहेब कुठे उभा आहे यावर असतं. रात्री आजोबा तुमच्याशी बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी बोलतात. त्यांना ही गोष्ट नवी नाही.

मधेच एखादा सण येतो तेव्हा हे सगळं विसरलं जातं. काही वर्षं तर कैद्यांना मोहरमचे ताबूत घेऊन शहरातून मिरवणुकीने जायची मुभा होती. ढोल, मशाली, अंगाला रंग फासून वाघ झालेले जन्मठेपवाले, आणि दुतर्फा उभं राहून बघणारं शहर. हिंदू कैदीही त्यात नाचत, कारण ढोल वाजला की धर्म विचारायची पद्धत तेव्हा नव्हती. शहरातल्या गोऱ्या मंडळींना एवढे मोकळे कैदी एकत्र बघून धडकी भरू लागली आणि सरकारने ते बंद पाडलं. म्हातारे अजून त्याच्याच गोष्टी सांगतात, आणि दर वर्षी त्यातले ढोल वाढतात.

आता शेवटची उडी घेऊ. आणखी बरीच वर्षं गेली. १८६७ मध्ये बेटाचा कारभार कलकत्त्याकडून काढून थेट लंडनकडे दिला, आणि हिंदुस्थानातून आणलेले कैदी नव्या मालकांना नकोसे झाले. १८७३ पर्यंत ब्रास बासाचं खटलं आवरलं. ज्यांची शिक्षा उरली होती त्यांतल्या कितीतरी जणांना पुन्हा जहाजात घालून अंदमानला नेलं. एका काळ्या पाण्यातून दुसऱ्या. तुम्ही मात्र त्याआधीच पहिल्या वर्गात पोचला होतात, म्हणून वाचलात. आजोबा सहाव्या वर्गात, दवाखान्याच्या ओसरीवर बसून सुतळी वळता वळता गेले. त्यांचा गोटा तुमच्याकडे आहे. मिरची वाटायला बरा पडतो.

परत गावी? तिथे तुमचं श्राद्धही घालून झालं असेल. तेव्हा सेरंगून रस्त्याच्या बाजूला एक झोपडं, तीन गाई, एक म्हैस. घरात मलायी बायको. तिला तुमची भाकरी जमत नाही आणि तुम्हाला तिचं बेलाचान, म्हणजे कोळंबीचं वाटण, आता मुळीच वास मारत नाही. शेजारी गाडीवान, तोही जुना साखळीवाला. पलीकडचा माळीही. शहरात सगळ्यांना ठाऊक आहे कोण कुठून आला, आणि दूध-भाजीच्या व्यवहारात ते कोणी काढत नाही. काढलंच तर घासाघीस करताना.

पाचची तोफ झाली. उठा, धारा काढा. चरवी डोक्यावर घेऊन साहेबाच्या बंगल्याच्या मागच्या दाराशी जा. स्वयंपाकी चिनी आहे, कडक, आणि दूध घ्यायच्या आधी ते पळीने वर धरून उजेडात बघतो.

"पाणी," तो म्हणतो.

"कसलं पाणी?"

"दुधात पाणी. अर्धं पाणी. तू चोर. तुरुंगात होतास, सगळ्यांना माहीत आहे."

तुम्ही चरवी खाली ठेवता, कमरेवर हात घेता. तांडेलाचा आवाज अजून गळ्यात आहे. "तुरुंगात होतो खुनासाठी," तुम्ही मलायीत सांगता, "चोरीसाठी नव्हे. आणि पाण्याचं विचारशील तर या गावात पाऊस रोज पडतो. गाईच्या अंगावरही पडतो. मी काय करू?"

तो तुमच्याकडे बघतो. पळी परत चरवीत बुडवतो. एक सेंट कापून बाकीचे मोजायला लागतो, आणि तुम्ही तो एक सेंट सोडायला तयार नाही.